बाराव्या रकान्यानंतर

छापील स्कोअरकार्डावर रकाने बाराच.
छापणाऱ्याला वाटलं असेल, एवढे पुरे;
डलूथमध्ये मे महिन्यातसुद्धा
दहाच्या आत माणसं पांघरुणात शिरतात.
म्हणून तेरावा डाव मी
हॉटडॉगच्या कागदी पिशवीवर आखला,
चौदावा, पंधरावाही तिथेच,
मोहरीच्या डागाला वळसा घालून.

दोन-दोन. आठव्या डावापासून दोन-दोन.
सरोवरावरून धुकं आत आलं,
आधी उजव्या कोपऱ्यातला फिल्डर गेला,
मग त्याच्यामागची रंगाच्या दुकानाची जाहिरात.
चेंडू वर जायचा,
आणि तो कुठे पडला ते
आम्ही आवाजावरून ठरवायचो.

तेव्हा दुसऱ्या बेसवर फुकटचा माणूस
उभा करायचा नियम आला नव्हता.
चर्चमध्ये पाद्रीसुद्धा मनगटाकडे बघतो.
इथे मात्र कुणीतरी चुकल्याशिवाय
कुणालाच घरी जाता येत नव्हतं.

नवव्या डावाला आम्ही अकराशे होतो.
अकराव्याला लेकुरवाळे गेले,
तेराव्याला सकाळच्या पाळीचे,
आणि सोळाव्याला ते,
ज्यांनी चौदाव्यात मोठ्याने शपथ घेतली होती
की आज शेवट बघूनच उठायचं.
उरलेल्यांनी एकमेकांना मोजलं: त्रेचाळीस.
त्यात एक कुत्रा.

मग डेलाइना किंगबर्ड आली,
नर्सच्या कपड्यांतच, ड्यूटी संपवून.
पुलावरून दिवे दिसले म्हणाली,
वाटलं कुणी बंद करायला विसरलं.
चव्वेचाळीस.

माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून
आर्विड लाह्टिनेन बसला होता.
बोटीच्या धक्क्यावरून आमचं बोलणं
सहा वर्षं बंद होतं.
माझ्या नवऱ्याने फळ्या ठोकल्या,
हा म्हणाला, माझ्या पाण्यात.
नवरा गेला, फळ्या कुजल्या,
अबोला तेवढा टणक राहिला,
चांगल्या लाकडाचा असावा.

"कितवा?" डेलाइनाने विचारलं.
"सतरावा," आम्ही दोघं एकदम.
मग आर्विड मैदानाकडेच बघत म्हणाला,
"पंधराव्यात तो पोरगा बाद नव्हता.
तू बाद लिहिलंयस."
"होता."
"नव्हता."
"होता."
सहा वर्षांनी, एवढंच.
तो एक खुर्ची अलीकडे सरकला,
पिशवी नीट दिसावी म्हणून.

हाल्वर नेसेट, ज्याने वीस वर्षं
एकाही अंपायरला सोडलं नव्हतं,
एकोणिसाव्यात जाळीला नाक लावून ओरडला,
"अरे बाळा, जरा पाणी पी!"
अंपायर खरंच प्यायला.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
एव्हाना आम्ही कशालाही टाळ्या वाजवत होतो,
पाहुण्यांच्या पिचरला,
मैदान झाडणाऱ्या म्हाताऱ्याला,
फुकट वाटलेल्या कोमट कॉफीला.

बाविसाव्यात त्यांच्या कॅचरच्या हातून चेंडू निसटला.
बस्स. दमलेला, साधा चेंडू,
घरंगळत जाळीला टेकला,
आणि तिसऱ्या बेसवरचा आमचा पोरगा
धावलाही नाही धड,
चालतच आला.

कुणी उठलं नाही.
क्षणभर तर मला रागच आला,
आत्ता कुठे बसायची सवय झाली होती.
कुत्रा तेवढा भुंकला.
बंदरात लोखंडाची माती भरलेलं जहाज
एकदा लांब, दोनदा आखूड वाजलं.
तीनला दहा कमी.
आर्विडने माझी घोंगडी झटकली,
घडी घालायला गेला, चुकीची घातली.
मी काही बोलले नाही.

ती पिशवी अजून आहे माझ्याकडे.
तेल पसरत पसरत पंधरावा रकाना
काचेसारखा झालाय, आरपार दिसतं.
बाद की नाबाद, कुणालाच वाचता यायचं नाही.

होता.